भाऊबीजेच्या बॅगेतला कागद

भाऊबीजेला बहिणीकडे निघालेल्या माणसाच्या बॅगेत काय असतं? साडी असते, पोरांना फटाके असतात, मिठाईचा पुडा असतो. २०२१ साली बुऱ्हाणपूरला निघालो तेव्हा माझ्या बॅगेत हे सगळं होतंच. शिवाय अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातलेला एक कागद होता. बॅग मीच भरली होती. कागद खाली, त्यावर माझे कपडे आणि सगळ्यात वर साडी. त्या कागदाचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आमची अक्का १९८३ साली लग्न होऊन बेळगावहून बुऱ्हाणपूरला गेली. स्थळ आणलं होतं हुबळीला रेल्वेत असलेल्या दाजींच्या काकांनी. आई म्हणाली, "एवढ्या लांब पोरगी द्यायची?" वडील म्हणाले, "अगं, तिथंही मराठीच बोलतात." हे अर्धं खरं होतं. पण वडिलांचं मन दुसऱ्याच गोष्टीनं जिंकलं होतं. दाजी नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला होते. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला पहिला कारखाना तो. वडिलांना चहाच्या आधी पेपर लागायचा. जावई पेपराचाच कागद करतो म्हटल्यावर त्यांनी पुढची चौकशी केली नाही.

बुऱ्हाणपूर तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. भुसावळहून उत्तरेला निघालं की केळीच्या बागा सुरू होतात, रावेर जातं, आणि महाराष्ट्र कधी संपला ते कळतही नाही. केळी तशीच पुढं चालू राहते. फक्त स्टेशनावरच्या पाट्या हिंदी होतात. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू नाहीतर गुजराती, बाहेरच्या खेड्यात निमाडी. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. आपण म्हैसूर राज्यात गेलो ती १ नोव्हेंबर १९५६ हीच तारीख बुऱ्हाणपूरचीही. जुन्या मध्य प्रांतातले विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या निमाडातून बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ मध्ये. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर चक्क एक संस्कृत शिलालेख आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटचा. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरची भाषा हा केवढा विषय होतो, ते आठवून मला तो लेख पाहताना हसू आलं होतं.

तर भाऊबीज. आपल्या भागात या दिवसाला दोन दारं आहेत. आमच्या घरी कार्तिक शुद्ध द्वितीयेला भाऊबीज. शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवसाला भावन बिदिगी म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी अक्कन तदिगी. बिदिगी म्हणजे बीज, तदिगी म्हणजे तीज. भाव म्हणजे बहिणीचा नवरा, आपले दाजी. म्हणजे एक दिवस दाजींचा आणि एक दिवस अक्काचा! लहानपणी आम्हाला हे फार सोयीचं होतं. बीजेला आमच्याकडं करंजी आणि तदिगीला शेजारी होळगी. पुढं दोन्ही घरांतल्या मुली लग्न होऊन गेल्या आणि दोन्ही घरांतले भाऊ पोष्टात मनीऑर्डरच्या रांगेत एकमेकांना भेटू लागले.

मुळातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. यमाला कामातून उसंत नाही. यमुना त्याला परत परत बोलावते आणि तो येतो येतो म्हणत राहतो. शेवटी एकदा कार्तिकातल्या बीजेला तो तिच्या दारी जातो, ती त्याला न्हाऊमाखू घालते, ओवाळते, जेवू घालते. म्हणून हिला यमद्वितीया म्हणतात, आणि मथुरेला त्या दिवशी बहीण-भाऊ हाताला हात धरून यमुनेत बुडी मारतात. धर्मशास्त्राचे ग्रंथ तर सांगतात की त्या दिवशी पुरुषानं आपल्या घरी जेवूच नये, बहिणीच्या हातचं जेवावं आणि तिला वस्त्र-अलंकार द्यावेत. या गोष्टीत मला एक बारीक मुद्दा नेहमी जाणवतो. राखीला बहीण भावाकडं येऊ शकते, राखी पोष्टानंही येते. भाऊबीजेला उठून जायचं आहे ते भावानं. पाट तिच्या घरात मांडलेला असतो. त्या दिवशी पाहुणा तो, यजमान ती.

आता आमचा हिशेब. १९८३ ते २०२१ म्हणजे अडतीस भाऊबीजा. पहिली दोन वर्षं वडील आम्हाला घेऊन गेले. पुढं मी सहा वेळा गेलो असेन, धाकटा तीन वेळा. बाकीच्या सगळ्या पोष्टानं, मग बँकेतून, आणि शेवटी मोबाइलवर बोट दाबून. आमची मुलं, नोकऱ्या, दिवाळीतलं रिझर्व्हेशन, कारणं सगळी खरी होती. यमालाही कामं खरीच असतील.

या अडतीस वर्षांतली एक गोष्ट मला दाजींनी सांगितली, अक्कानं कधी नाही. ज्या वर्षी आमच्यापैकी कुणी जात नसे त्या वर्षी संध्याकाळी ती निरांजन घेऊन गच्चीवर जायची आणि चंद्राला ओवाळायची. बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, त्यामुळं ती दिवे लागायच्या आतच वर जाऊन उभी राहायची. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं, अशी आपल्याकडं रीत आहे. तिथल्या एका शेजारणीनं तिला एकदा विचारलंही होतं, "आपके भाई नहीं हैं क्या?"

आता तो कागद.

शहापुरात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. म्हणजे होतं. मागं आड, मधे माजघर, पुढं दोन दुकानगाळे. आई-वडील गेल्यावर भाड्यानं दिलेलं. २०२१ च्या उन्हाळ्यात एका बिल्डरनं विचारणा केली. भाव बरा होता. धाकट्यानं सगळं जमवलं, वकील गाठला. वकील म्हणाला, "तुमच्या अक्कांची सही लागणार." धाकटा म्हणाला, "तिचं लग्न त्र्याऐंशी सालचं. तिचा कुठला हक्क?"

तो अगदीच चूक नव्हता. आपल्याकडच्या घरोघरी हा प्रश्न येतो आणि अर्धवट माहितीवर भांडणं होतात, म्हणून वकिलानं जे समजावलं ते थोडक्यात सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वाडवडिलांच्या एकत्र मिळकतीत मात्र मुलगा जन्मानंच वाटेकरी आणि मुलगी नाही. तिला मिळायचा तो वडिलांच्या वाट्यातला तुकडा. त्यात राहत्या घराची वेगळी मेख होती. २३ वं कलम म्हणायचं, भाऊ आपसात वाटणी करेपर्यंत बहिणीला घराची वाटणी मागता येणार नाही. १९९४ मध्ये कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानंही आपापल्या दुरुस्त्या लागू करून मुलींना जन्मानं वाटा दिला, पण दोघांनीही अट तीच घातली, की त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो नाही. बाकी कुठल्या गोष्टीत या दोन राज्यांचं एवढं जमलेलं मला आठवत नाही.

धाकट्याच्या डोक्यात ही अट पक्की बसली होती. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली, २३ वं कलमही गेलं. त्यानंतर भांडण उरलं ते वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत यावर. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवेत. तो 'प्रकाश विरुद्ध फुलवती' खटला. बहिणीनं वाटणीसाठी लावलेला तो दावा मुळात १९९२ साली आपल्या बेळगावच्याच कोर्टात सुरू झालेला. आमचे वडील १९९८ ला गेले, म्हणजे त्या निकालानं आम्ही दोघे भाऊ सुटलो होतो. मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्याचा निकाल आला. वडील हयात असोत नसोत, मुलगी जन्मानंच वाटेकरी. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडायच्या नाहीत. आमच्या घराची वाटणी कधी झालीच नव्हती. म्हणजे सरळ तीन हिस्से.

"मग हक्कसोडपत्र करून घ्या," वकील म्हणाला. त्यानं ते कन्नडमध्ये तयार केलं, नोंदणी बेळगावात व्हायची असते म्हणून. अक्कानं आधी वाचून होकार द्यायचा, मग एकदा येऊन सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात सही-अंगठा. धाकटा मला म्हणाला, "तू भाऊबीजेला जा. तुझं ती ऐकते. ओवाळून झालं की विषय काढ. नाही म्हणायची नाही."

ओवाळून झालं की! हे वाक्य मी तेव्हा ऐकून घेतलं. माझी मानही हलली.

लक्ष्मीपूजन घाईनं उरकून गोवा एक्सप्रेसनं निघालो आणि पाडव्याला भुसावळला गाडी बदलून बुऱ्हाणपूर गाठलं. दाजी स्टेशनावर आले होते. "या या, भाऊ. रस्ता विसरले नाही ना तुम्ही?" एवढंच म्हणाले, हसत. मी कुंद्याचे दोन डबे त्यांच्या हातात दिले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात बुऱ्हाणपूर यायचं ते १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेनं ते लुटलं म्हणून. रिक्षात बसल्यावर मांडीवरची बॅग सांभाळताना ते नेमकं आठवलं.

भाऊबीजेच्या सकाळी दाजी मला तापीवर घेऊन गेले, राजघाटावर. नदीला पाणी बरं होतं. दाजी पायऱ्यांवर उकिडवे बसून म्हणाले, "तुम्ही लोक यमुना-यमुना करता. आमची तापीही यमाची बहीणच आहे." खरंच की! पुराणातला हिशेब असा, की सूर्याला संज्ञेपासून यम आणि यमुना, आणि छायेपासून शनी आणि तापी. म्हणजे सावत्र का होईना, बहीण. तिकडं मुलताईला उगम, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात अशी ७२४ किलोमीटर धावून सुरतेपाशी समुद्राला मिळते. दाजी म्हणाले, "यमुनेकडे भाऊ जेवायला गेला, त्याची कथा झाली. हिच्याकडे कुणी गेल्याचं काही ऐकलं नाही." ते सहज म्हणाले. मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि गप्प राहिलो.

घरी आलो तर अक्कानं पाट मांडला होता. भोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, आणि तिथल्या पद्धतीनं एक सुक्या खोबऱ्याचा गोळा. जेवणात एका ताटात दोन राज्यं! आपल्या पद्धतीची कटाची आमटी आणि शेंगाचटणी, शेजारी बुऱ्हाणपूरची मावा जिलबी आणि दराबा. दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप फेसून फेसून केलेला हलका पदार्थ, जिभेवर ठेवला की विरतो. मांड्यांवरून मात्र आमचा घोळ झाला. बेळगावचे मांडे म्हणजे पिठीसाखर घालून घडी केलेले, लग्नाच्या रुखवतातले. तिथं मांडा म्हणजे हातावर फिरवून केलेली भली मोठी पातळ रोटी, रश्शाबरोबर खायची. अक्का म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले, उद्या मांडे आणतो. मी रात्रभर खूश. सकाळी बघते तर रोटी!" हे तिनं मला आधी पाच वेळा तरी सांगितलं असेल. सहाव्यांदाही आम्ही तेवढंच हसलो.

ओवाळणं मात्र अजून व्हायचं होतं. अक्का म्हणाली, "साडी आणलीस ना? आण की, तबकात घाल." मी उठायच्या आत तिची सात-आठ वर्षांची नात फटाक्यांच्या आशेनं बॅगेपाशी पोचली होती. तिनं साडी काढली, माझे कपडे काढले, टिकल्यांचा डबा काढला, आणि फोल्डरही काढला. पाठोपाठ आजीला नेऊन दिला. "दादी, ये कौन सी भाषा है?"

अक्काला चष्मा लागला. दाजींनी तो आणून दिला. लहानपणी ती शेजारच्या कन्नड घरातच पडलेली असायची, तिथल्या मुलीबरोबर तीही अक्षरं गिरवायला शिकली होती. चाळीस वर्षांत एक ओळ वाचायला मिळाली नव्हती. बोट ठेवून ठेवून, अक्षर लावत ती मोठ्यानं वाचू लागली. "ह... हक्कु... बि... डु... गडे... पत्र." पुन्हा एकदा सलग वाचलं, "हक्कु बिडुगडे पत्र." वाचता आलं म्हणून तिला आधी आनंदच झाला. नातीकडं बघून म्हणाली, "देखा? आता है मुझे!"

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "बिडुगडे म्हणजे सुटका ना रे?"

"हो."

"कुणाची सुटका?"

मला उत्तर आलं नाही. वाचकहो, तुम्ही दोन्ही भाषा जाणता. मराठीत हक्क 'सोडायचा' असतो, सोडणारी बहीण असते. कन्नडमध्ये 'बिडुगडे' होते, तुरुंगातून माणूस सुटतो तशी. तिनं प्रश्न कायद्याचा विचारला नव्हता.

दाजी उठून आत गेले. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मानाचा प्रसंग, असं मी आता म्हणेन, मान त्यांचा! त्यांनी त्या दिवशी आणि पुढंही या विषयावर एक शब्द काढला नाही. अक्कानं कागद फोल्डरात घातला, फोल्डर कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "बस पाटावर. निरांजन विझेल."

तिनं ओवाळलं. मी तबकात साडी ठेवली, पाचशेची नोट ठेवली. हात थरथरत होता ते तिला दिसलं असणार. जेवण झाल्यावर पान लावता लावता ती म्हणाली, "घर विकताय ते कळलं. सही करीन की नाही ते आज नाही सांगत. आज तू पाहुणा. खरं एक कर. मला पंचमीला न्यायला ये."

"तिकीट पाठवतो की, अक्का. दाजी आणि तू दोघं या."

"तिकीट नको. न्यायला ये."

पंचमी म्हणजे काय हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. उत्तर कर्नाटकात पंचमी हब्बा हा लेकीचाच सण. भाऊ मुऱ्हाळी होऊन जायचा, बहिणीला तवरमनीला आणायचा, झाडाला जोकाली बांधायची, डब्यात शेंगाउंडी, तीळउंडी. मराठी घरांतही पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात. खानदेशात हेच आखाजीला होतं. अक्काला न्यायला लग्नानंतर पहिल्या पंचमीला वडील गेले होते. त्यानंतर? मी गाडीत बसून आठवत होतो. त्यानंतर ती यायची ती कुणाच्या लग्नाला, मुंजीला, आणि दोनदा मयताला. स्वतःच्या पैशानं, दाजींच्या रजेनं.

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं. जरा रंगवूनच, माझी घुसमट कशी झाली वगैरे. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी सही घेतली २००९ मध्ये. तेव्हा तुम्ही बाहेर चहा पीत होता."

खरं होतं. तिच्या दोन भावांनी बोलावलं होतं, आम्ही गेलो होतो, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर टपरीवर मी आणि मोठा मेहुणा चहा प्यालो होतो. बिल त्यानं दिलं होतं. ती कागद वाचून सही करतेय की न वाचता, हे मी बघितलं नव्हतं. संध्याकाळी तिला एक पैठणी मिळाली, आणि मी म्हणालो होतो, छान आहे रंग. "नाही म्हणाले असते तर पुढच्या दिवाळीला मला दार उघडलं असतं का कुणी?" ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली. आपल्याकडच्या किती बायका हाच हिशेब मनात करून सह्या करतात, कोण मोजणार? हिस्सा सोडला तर माहेर राहतं, मागितला तर तुटतं. साडीचोळी, अरिशिण-कुंकुम हा त्या सौद्यातला हप्ता. मी तो हप्ताही मोबाइलवरून भरत होतो.

२०२२ च्या पंचमीला मी बुऱ्हाणपूरला जाऊन अक्काला घेऊन आलो. तेव्हा ती साठ वर्षांची होती आणि दोन्ही गुडघ्यांना पट्टे. शहापूरच्या घराची किल्ली तिनं मागून घेतली, एकटी आत गेली, अर्ध्या तासानं बाहेर आली. आडात कुणीतरी कचरा टाकलाय, एवढंच म्हणाली. जोकाली बांधली नाही, पण शेजारच्या घरातून उंडी आली. ती अक्षरं गिरवणारी मैत्रीणही तवरमनीला आली होती. दोघी रात्री बारापर्यंत कन्नडमध्ये बोलत होत्या, अक्काचं कन्नड दोन दिवसांत गाडीला लागलं.

चौथ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना बसवलं. "बिडुगडे मी करणार नाही," ती म्हणाली. "घर विका. मला काही त्यात राहायचं नाही. खरं तिसरा हिस्सा माझ्या नावानं येऊ दे. पैसा मला लागतो म्हणून नाही. लागतोच म्हणा, नातीचं शिक्षण आहे. पण नाव असू दे." तिचा आवाज चढला नाही. धाकटा म्हणाला, "एवढी वर्षं आम्ही बघितलं घराकडं, पट्टी भरली, कौलं बदलली." ती म्हणाली, "ते वजा करा. हिशेब लिहून दे, सगळं वजा कर. मग तीन भाग कर." यावर त्याच्याकडं बोलायला काही राहिलं नाही, आणि मला वाटतं त्याला राग त्याचाच आला. तो उठून गेला.

तो वाईट माणूस नाही, हे लिहायला हवं. आई शेवटची दोन वर्षं त्याच्याकडं होती. पट्टी खरंच त्यानं भरली. त्याला जे न्याय्य वाटतं ते आपल्या चार पिढ्यांना न्याय्यच वाटत आलंय. मी त्याच्यापेक्षा शहाणा होतो असंही नाही. कागद घेऊन तर मीच गेलो होतो.

पहिला बिल्डर थांबला नाही. दुसरा आला तो कमी भावानं. व्यवहार २०२४ मध्ये झाला, विक्रीच्या कागदावर तिघांच्या सह्या झाल्या, पट्टी आणि कौलांचा खर्च वजा जाऊन तीन ठिकाणी पैसे गेले. त्या सहीच्या दिवशी धाकटा माझ्याशी बोलला नाही, अक्काशीही नाही. अक्कानं जाताना त्याच्या मुलाच्या हातात दराब्याचा डबा दिला.

या तीन-चार वर्षांत सरकारं मात्र भाऊ झाली. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये 'लाडली बहना' आली, महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'. कर्नाटकानं २०२३ मध्ये 'गृहलक्ष्मी' म्हटलं, नातं काही लावलं नाही. अक्का साठीच्या पलीकडची, ती वयात बसली नाही. दाजी म्हणतात, "सरकारी भाऊ बहिणीचं वय बघतो."

२०२१ नंतर मी एकही भाऊबीज चुकवलेली नाही. बायको पण येते. तिच्या भावांकडं जायचं की नाही ते तिचं ती ठरवते, मी विचारत नाही, आणि विचारावं की नाही हेही मला अजून कळलेलं नाही. सकाळी दाजींबरोबर राजघाटावर जातो, पाटावर बसतो, अक्का ओवाळते, मांड्याची गोष्ट सांगते. तो फोल्डर अजून कपाटावर आहे. नात आता थोडी मोठी झालीय, तिनं त्यात तिची चित्रं ठेवलीत. कागदाच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर आजीनं तिला कन्नड बाराखडी काढून दिलीय.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत अक्का निरांजन घेऊन जिन्याकडं निघते. गुडघ्यांमुळं एकेक पायरी, कठड्याला धरून. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "अक्का, आता कशाला वर? मी आलोय की."

"तू आलास रे," ती म्हणाली. "धाकटा कुठं आलाय?"